खुर्ची हेराची, बोट तुमचं

आसगावात पाहुणा एस.टी.तून उतरतो आणि तो दारात पोचायच्या आत बातमी घरात पोचलेली असते. पानठेल्यावर कोणीतरी पाहिलेलं असतं, वाटेत एखाद्या आजीनं "कोणाकडं आले जी?" म्हणून विचारलेलं असतं. पवनी तालुक्यातच कशाला, धानाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात हेच. कोणाची रोवणी आटोपली, कोणाच्या पोरीला बघायला पाव्हणे येऊन गेले, सगळं सगळ्यांना ठाऊक. पण गावच्या या पाळतीला एक रीत आहे. पाहणारा स्वतःही दिसतो. ठेलेवाल्याला तुमची खबर असते, तशी त्याच्या उधारीच्या वहीची खबर तुम्हालाही असते.

सरकार किंवा कंपनी पाहू लागली की ही फिटंफाट संपते. त्यांना तुम्ही दिसता, तुम्हाला ते दिसत नाहीत. मोठमोठ्या पुस्तकांनी हे सांगितलं, पण माझ्या मते सगळ्यात झणझणीत सांगितलं ते व्हिडिओ गेमनी. पुस्तक वाचताना आपण पकडल्या जाणाऱ्याच्या बाजूनं असतो. गेम आपल्याला उचलून थेट पकडणाऱ्याच्या खुर्चीत बसवतो. पोट्टे मोबाइलवर नुसते टाइमपास करतात असं वाटणाऱ्यांनी तर हे जरूर वाचावं.

मोतीहारीचा बाळ, हॅम्बुर्गचा गेम

पाळतीवरच्या सगळ्यात गाजलेल्या गेमपैकी एकाचं नावच 'ऑरवेल'. ज्या लेखकावरून हे नाव घेतलं, तो जॉर्ज ऑरवेल जन्मला बिहारच्या मोतीहारीत, २५ जून १९०३ रोजी. खरं नाव एरिक आर्थर ब्लेअर. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. स्वतः ऑरवेल १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. म्हणजे '१९८४' ही पाळतीची कादंबरी लिहिणाऱ्यानं लोकांवर नजर ठेवायची नोकरी आधी स्वतः केलेली होती!

गेम मात्र जर्मनीचा. हॅम्बुर्गच्या ऑस्मॉटिक स्टुडिओजनं तो ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१६ मध्ये मालिकेसारखा दर आठवड्याला एक, असा पाच भागांत आणला. 'द नेशन' नावाच्या देशाची राजधानी बॉन्टन. तिथल्या फ्रीडम प्लाझात बॉम्बस्फोट होतो. तुम्ही त्या देशाचे नागरिकही नाही, पण सरकारनं तुम्हाला तपासनीस नेमलंय. तुमच्या पडद्यावर संशयितांच्या सोशल मीडियावरच्या गप्पा, फोन, ईमेल, बँकेचे व्यवहार, दवाखान्याचे कागद उघडत जातात.

आता खरी मेख ऐका. तुमचा वरिष्ठ साइम्स फक्त तेवढंच पाहू शकतो, जेवढं तुम्ही उचलून त्याच्या फायलीत टाकता. अख्खा संवाद त्याला दिसत नाही. एखादी मुलगी मैत्रिणीशी थट्टेत काही बोलली आणि तुम्ही ते एकच वाक्य वर पाठवलं, तर साइम्स ते खरं धरून चालतो. कधी दोन गोष्टी एकमेकींच्या उलट निघतात. त्यातली एकच निवडायची, आणि एकदा पाठवलेलं परत घेता येत नाही. बंदूक नाही, मारामारी नाही. तुमच्या बोटाच्या एका हालचालीनं कोणाच्या तरी दारात पोलीस उभे राहतात. मला तर हा भाग खेळताना तळहाताला घाम फुटला होता. शेवट काय होतो ते सांगून तुमची मजा घालवत नाही.

आधी पगार, मग माणुसकी?

'पेपर्स, प्लीज' हा दुसरा हिरा. ऑगस्ट २०१३ चा. जपानमध्ये राहणाऱ्या लुकस पोप या अमेरिकी माणसानं एकट्यानं बनवला. विमानतळांवर कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना पाहून त्याला ही कल्पना सुचली. अर्स्तोत्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या नाक्यावर तुम्ही पासपोर्ट तपासणारे कारकून. साल १९८२. जितके लोक बिनचूक तपासाल तितका पगार, आणि त्या पगारातून घरभाडं, जेवण, शेकोटीचा खर्च. पैसे कमी पडले की घरातलं कोणीतरी आजारी. समोर एक बाई रडतेय, तिचा कागद अपुरा आहे, तिचा नवरा आत्ताच नाक्यापलीकडं गेलाय. काय कराल? तहसील कार्यालयात एका कागदासाठी तीन चकरा मारलेल्या माणसाला खिडकीच्या या बाजूची सगळी दुःखं पाठ असतात. हा गेम त्याला खिडकीच्या आत नेऊन बसवतो. याचे शेवट किती? तब्बल २०.

एक गंमत आणखी. या गेममध्ये प्रवाशांना यंत्रासमोर उभं करून कपड्यांआडचं शरीर तपासायची सोय आहे. २०१४ मध्ये आयपॅडवर तो आणताना ॲपलनं आधी त्या उघड्या चित्रांना मनाई केली, मग गैरसमज झाल्याचं सांगून परवानगी दिली. खासगीपणा कसा ओरबाडला जातो हे दाखवणारी चित्रंच आधी झाकायला लावली होती!

घरमालकाचा कॅमेरा

सैबेरियातल्या बर्नाउल शहरातल्या मंडळींनी २०१६ मध्ये 'बिहोल्डर' काढला. तुम्ही सरकारनं नेमलेले घरमालक. भाडेकरू कामावर गेले की त्यांच्या खोलीत कॅमेरे लावायचे, कपाटं उघडायची, अहवाल लिहायचे. त्याच वर्षीचा दक्षिण कोरियाचा 'रेप्लिका' याहून बारका. अख्खा गेम एका अनोळखी माणसाच्या मोबाइलच्या पडद्यावर घडतो आणि तो फोन उघडून त्याला देशद्रोही ठरवायचं काम तुमच्याकडं.

बुटक्यांच्या गर्दीत खरे हेर

हे वाचून तुम्हाला खोटं वाटेल, पण डिसेंबर २०१३ मध्ये, अमेरिकी हेरसंस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं बाहेर आणलेल्या कागदांतून ते जगजाहीर झालं. अमेरिकेची एनएसए आणि ब्रिटनची जीसीएचक्यू या हेरसंस्थांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आणि 'सेकंड लाइफ' या गेममध्ये पाळत ठेवली होती. राक्षस, बुटके आणि जादूगार यांच्या गर्दीत अतिरेकी गप्पा मारत असतील, असा कयास! 'सेकंड लाइफ'मध्ये तर निरनिराळ्या खात्यांचे इतके हेर शिरले की ते एकमेकांवरच हेरगिरी करत बसू नयेत म्हणून ताळमेळ ठेवणारा गट हवा, असं त्या कागदांत नमूद आहे. एवढं करून एखादा कट उधळल्याची नोंद त्यांत सापडली नाही.

महिनाभरानं पुढचा फटाका. गळक्या ॲपमधून माहिती उचलायच्या खटपटींच्या कागदांत 'अँग्री बर्ड्स'चं नाव निघालं. आपण कोणत्याही हेरसंस्थेला माहिती दिली नाही, असं फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीनं जाहीर केलं. पण कोणीतरी त्यांच्या वेबसाइटवर घुसून 'स्पाइंग बर्ड्स' असं चित्र लावून गेलंच.

थोडक्यात, तीन चटके

'वॉच डॉग्ज' या गेममध्ये अख्खं शिकागो शहर एका संगणकानं चालतं आणि रस्त्यावरच्या कोणाचीही माहिती मोबाइलवर येते. तो २०१२ मध्ये जाहीर झाला आणि २०१४ मध्ये आला. मधल्या वर्षी स्नोडेननं खऱ्या पाळतीची गोष्ट फोडली. हा गेम काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीचा एक स्टुडिओ २००८ पासून आपल्या पुण्यात आहे.

जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला, तेव्हा आयफोनवर तो खेळणाऱ्याच्या गुगल खात्याची पूर्ण परवानगी घेत होता. चूक झाली म्हणून कंपनीनं ती लगेच सुधारली. लक्षात कोणाच्या आलं? कोणाला काय परवानगी दिलीय ते तपासायची सवय असलेल्याच्या.

चीनमध्ये २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच ऑनलाइन गेम. बापाच्या नावानं कोणी रात्री खेळू नये म्हणून टेन्सेंट कंपनीनं चेहरा तपासायला सुरुवात केली. मुलांचं भलं आणि मुलांवर पाळत एकाच दोरीत कशी वळली जाते, ते इथं दिसतं.

पब्जी गेला, का गेला?

आपल्याकडच्या पोट्ट्यांना २ सप्टेंबर २०२० ही तारीख विचारा. त्या दिवशी केंद्र सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पब्जी मोबाइल होता. कारण खासगी माहितीचंच सांगितलं गेलं: वापरणाऱ्यांची माहिती चोरून देशाबाहेरच्या सर्व्हरवर पाठवली जाते, म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदी. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ 'बीजीएमआय' नावानं परतला, २८ जुलै २०२२ ला ॲपच्या दुकानातून पुन्हा गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये गदा आली. गावोगावच्या पारावर तेव्हा "आता काय खेळाचं?" हा एकच प्रश्न होता. आपली माहिती जाते कुठं, हा दुसरा प्रश्न फार कमी जणांनी विचारला. तो त्या पोट्ट्यांना आपणच विचारायला शिकवायला हवा होता.

सव्वा कोटी विटांचं वाचनालय

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. ठोकळे रचायच्या 'माइनक्राफ्ट' गेममध्ये १२ मार्च २०२० रोजी 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या पत्रकारांच्या संस्थेनं एक भव्य वाचनालय उघडलं. सुमारे १ कोटी २५ लाख ठोकळे लागले. आत सौदी अरेबिया, इजिप्त, रशिया, मेक्सिको, व्हिएतनाम इथले दडपले गेलेले लेख पुस्तकांच्या रूपात ठेवलेत. सरकारनं वेबसाइट बंद केली तरी गेम चालू असतो, आणि मुलं त्यात शिरून वाचतात. खेळ पाळत ठेवायलाही वापरता येतो आणि पाळत चुकवायलाही, याचा याहून सुंदर दाखला मला सापडला नाही.

जय कुठं गेला?

आता आपल्या रानातली गोष्ट. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आलेला 'जय' नावाचा वाघ सगळ्या देशाला माहीत होता. 'शोले'तल्या जयवरून ठेवलेलं नाव. गळ्यात रेडिओ कॉलर, मागावर वनखातं, पुढं पर्यटकांचे कॅमेरे. आणि एप्रिल २०१६ मध्ये तो नाहीसा झाला. कॉलरचा संकेत थांबला, रानं पालथी घातली, जय मिळाला नाही. यंत्रानं सगळं दिसतं, असं जो कोणी ठामपणे सांगेल, त्याला पवनीच्या बाजूला घेऊन या. यंत्राला जे दिसतं त्यावरून माणसं निष्कर्ष काढतात, आणि यंत्राचं दिसणं केव्हाही बंद पडू शकतं. 'ऑरवेल'चा साइम्स नेमका हेच विसरतो.

नऊ न्यायमूर्ती, एक मत

गेममधल्या देशांत नागरिकाच्या बाजूनं कोर्ट उभं राहत नाही. आपल्याकडं राहिलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निकालपत्र ५४७ पानांचं. त्या नऊ जणांत आपले नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात आणीबाणीतल्या १९७६ च्या एका निकालाला चुकीचं ठरवलं, आणि तो देणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते! पोलिसांनी रात्री-बेरात्री दार ठोठावण्यावरून १९६२ मध्ये झालेल्या खटल्यात खासगीपणाचा हक्क नाकारला गेला होता, तोही भाग याच निकालानं पुसला.

हा खटला उभा राहिला आधारमुळं. देशातलं पहिलं आधार दिलं गेलं २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात.

खासगीपणाच्या निकालानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती हवी, मुलांचा माग काढायला आणि त्यांना नेमकं हेरून जाहिराती दाखवायला मनाई, मुलांबाबतची ही बंधनं मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. गेम कंपन्याही या कायद्याच्या कक्षेत येतात. त्याच कायद्यानं केंद्र सरकारला आपल्या संस्थांना सूट द्यायचा अधिकारही दिला आहे, आणि मला ती पळवाट फार मोठी वाटते. कंपनीच्या डोळ्यांना झापड बांधायची आणि सरकारचे डोळे मोकळे सोडायचे, हे अर्धंच काम झालं.

माहिती द्यायला माझी ना नाही. ई-पीक पाहणीत शेतकरी धानाच्या बांधीत उभा राहून फोटो काढतो, फोटोबरोबर ती जागाही नोंदली जाते. कशासाठी, हे त्याला ठाऊक असतं: सातबाऱ्यावर पीक चढावं, धान विकताना अडचण येऊ नये. देणाराही जाणतो, घेणाराही जाणतो, पानठेल्यासारखा सरळ व्यवहार. पण लुडोला तुमच्या फोनमधल्या दोनशे माणसांचे नंबर कशाला हवेत? कॅरमला मायक्रोफोन कशाला?

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या पोट्ट्याला शेजारी बसवा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर उघडा. मायक्रोफोन, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, एकेकावर बोट ठेवा आणि कोणकोणत्या गेमची नावं तिथं आहेत ते मोठ्यानं वाचा. ज्याचं कारण पोट्ट्याला सांगता येणार नाही, ती परवानगी त्यालाच बंद करू द्या.