'चावीचे' घड्याळ व 'सेलचे' घड्याळ : एक परिभाषाविचार

मोखाड्याकडून आमच्या विभागात आलेल्या एका विद्यार्थ्याने एकदा विचारले, "सर, सेलच्या घड्याळाच्या तबकडीवर 'क्वार्ट्झ' का लिहितात? सेलवर तर ते लिहिलेले नसते." प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

जव्हारच्या बाजारात काय किंवा पुण्यात काय, मराठी भाषक घड्याळाच्या दोन जाती मानतो : 'चावीचे' आणि 'सेलचे'. बैलाला वैरण, तशी घड्याळाला चावी किंवा सेल. त्याला काय पुरवावे लागते, यावरून हे नामकरण झालेले आहे. व्यवहारास ते पुरेसे आहे. शास्त्रास मात्र नाही. कारण शक्ती पुरविणारे साधन निराळे आणि काळाचे समान तुकडे पाडणारे साधन निराळे. दोन जातींतील खरा भेद या दुसऱ्या साधनात आहे.

चावीच्या घड्याळात गुंडाळलेली कमान शक्ती देते. काळ मोजते ते मागेपुढे डोलणारे चक्र, ज्यास कारागीर 'बॅलन्स' म्हणतात. जुन्या साध्या मनगटी घड्याळांत त्याचे सेकंदास ५ ठोके पडत. क्वार्ट्झ घड्याळात चिमट्यासारख्या दोन पायांचा स्फटिकाचा सूक्ष्म तुकडा सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या सहेतुक निवडलेली आहे. ती १५ वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो, आणि त्या एका स्पंदाने सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. दाब दिल्यास स्फटिकात विद्युत उत्पन्न होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. विद्युत दिल्यास स्फटिक आकार बदलतो, हा त्याचा व्यत्यास. घड्याळाचा आधार हाच. असे पहिले मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सैको कंपनीने विक्रीस आणले. चावीचे घड्याळ दिवसाला काही सेकंद चुकते, हे महिन्याला सुमारे १५. (कारागिरीच्या दृष्टीने मला पहिलेच अधिक प्रिय आहे, हे सांगून टाकतो.)

आता नावाची परीक्षा पाहू. १९५७ मध्ये अमेरिकेतील हॅमिल्टन कंपनीने सेलवर चालणारे घड्याळ काढले. त्यात काळ मोजी तो बॅलन्सच. उलट सैकोच्या १९९९ मधील 'स्प्रिंग ड्राइव्ह' घड्याळात सेल मुळीच नाही. शक्ती कमानीची आणि नियमन स्फटिकाचे! आपल्या दोन नावांत या दोहोंस जागा नाही. तेव्हा परिभाषा 'चक्र-घड्याळ' आणि 'स्फटिक-घड्याळ' अशी असावी, असे मी सुचवितो.

'स्फटिक' शब्दास एक अडचण आहे. मीठ, साखर यांचेही स्फटिकच होतात. क्वार्ट्झला मराठीत निराळा, रुळलेला शब्द आहे : गारगोटी. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ती सापडते. चकमकीने विस्तव पाडण्यास ती वापरीत. घड्याळातील तुकडा कारखान्यात वाढविलेला असतो, परंतु द्रव्य तेच. कोशकारांना हा शब्द ग्राम्य वाटेल. माझ्या विद्यार्थ्याला मात्र मी तोच सांगितला. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून कानाला लावले आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या रानातली?"