पावसाळी दिवसांतील शिशुक्रीडा आणि चाळीतील जागा

ताराबाई मोडक यांच्या बोर्डी-कोसबाड येथील कार्यातून 'अंगणवाडी' ही संज्ञा रूढ झाली. मुलाच्या घरापुढे अंगण असते, असे या शब्दात गृहीत आहे. गिरगाव, परळ वा लालबाग येथील चाळींत तसे अंगण बहुधा नसते. त्याचे काम मजल्यावरील सामाईक गॅलरी करते. परंतु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात सरासरीने २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. झडीने गॅलरी ओली होते, ओले कपडे खोलीतील दोरीवर येतात, आणि हे पर्यायी अंगणही बालकास दुरावते. अशा दिवशी ३ ते ६ वर्षांच्या मुलास कशात गुंतवावे, हा प्रश्न सामान्यतः खेळण्यांचा मानला जातो. आमच्या मते तो मुख्यतः जागेचा आणि हालचालीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ३ व ४ वर्षांच्या बालकास दिवसाकाठी किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल आवश्यक असून त्यांपैकी ६० मिनिटांची हालचाल दमविणारी असावी; पडद्यासमोर बसणे मात्र एका तासाहून अधिक नसावे. बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीतून मोरी, ओटा, कपाट व खाट वजा केली म्हणजे काय उरते, हे निराळे सांगावयास नको. पावसाळी दिवशी उपरोक्त प्रमाण सहज उलटे होते, याचा दोष केवळ मातेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

मग दमविणारी हालचाल कोणती? उड्या मारणे हे पहिले उत्तर. परंतु गिरगावातील जुन्या चाळींच्या लाकडी तक्तपोशीवर ते खालच्या बिऱ्हाडाशी भांडणाचे कारण होते. स्नायूंना श्रम देणाऱ्या, पण आवाज न करणाऱ्या क्रिया म्हणून शोधाव्या लागतात. खाटेखालून रांगत जाणे, उशा व गाद्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत वाहणे, कणीक मळणे या त्या होत. माँटेसोरी पद्धतीत जमिनीवरील रेषेवरून चालण्याचा पाठ आहे. फरशीच्या सांध्यावरून, हातात पाण्याने अर्धा भरलेला पेला घेऊन, तोच पाठ खोलीत देता येतो. सावकाश चालणे मुलास धावण्याहून कठीण जाते, हे पाहणाऱ्यास लगेच उमगते. आषाढ अमावास्येच्या दिव्यांसाठी कणीक मळली जाते, तेव्हा एक गोळा मुलाच्या हाती देण्यास कोणाची हरकत असणार? लालबाग-परळच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतील काम मूल जाता-येता पाहत असते. शाडूचा लहानसा गोळा त्याला दुकानातील रंगीत संचाहून अधिक काळ गुंतवून ठेवतो.

बैठ्या खेळांची चिंता करण्याचे कारण नाही. चवळी व पावटे एकत्र करून ताटात निवडावयास देणे, यात चिमटीचा सराव व वर्गीकरण दोन्ही साधतात. (तीन वर्षांखालील भावंड जवळ असल्यास मात्र हे टाळावे, दाणा नाकात वा घशात जातो.) 'चिमणी भुर्र' या खेळात न उडणाऱ्या वस्तूचे नाव येताच बोट दाबून धरावयाचे असते, आत्मनियमनाचा याहून सोपा पाठ आम्हांस ठाऊक नाही. भातुकलीविषयी एवढेच, की हिंदमाता येथे पाणी भरले, गाड्या थांबल्या व वडील परतले नाहीत, तर त्या सायंकाळी तिचा विषय ठरलेला असतो. मोठ्यांनी तो बदलू नये. मूल आपली काळजी त्या खेळातच हाताळीत असते.

जागेचा तिढा एकट्या कुटुंबास सुटत नाही. तीन बिऱ्हाडांस सुटतो. प्रत्येकाने आळीपाळीने आपली खोली तासभर मोकळी करून द्यावी आणि इतरांनी त्या अवधीत आपला स्वयंपाक उरकावा, ही व्यवस्था दारे उघडी असणाऱ्या चाळीतच शक्य होते. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात घर ५०० चौरस फुटांचे होत आहे. नव्या इमारतींच्या मजल्यांवर पावसाळ्यात मुले दाराबाहेर एकत्र खेळतात की दारे बंदच राहतात, याचे निरीक्षण विभागातील विद्यार्थ्यांनी येत्या आषाढ-श्रावणात करावे.