अळूच्या वाफ्यातून कोर्टात

अळू आपल्या परसात असतंच. न्हाणीचं पाणी जातं तिथं ते माजतं. आपण पानांच्या वड्या करतो, देठांसकट फदफदं करतो. दूर पॅसिफिक महासागरात अमेरिकेचं हवाई नावाचं बेटांचं राज्य आहे. तिथले मूळ रहिवासी हेच अळू ‘कालो’ म्हणून लावतात, पण मुख्यतः कंदासाठी. कंद शिजवून, ठेचून त्याची ‘पोई’ करतात. आपली भाकरी, तशी त्यांची पोई. त्यांची एक कथा आहे. पहिलं बाळ मृत जन्मलं, त्याला पुरलं, तिथं अळू उगवलं. नंतर जन्मलं ते माणसाचं मूल. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ.

हा भाऊ आता अडचणीत आहे. भातखाचरासारख्या त्याच्या वाफ्यांतून थंड पाणी वाहतं लागतं. पाणी साचून तापलं की कंद कुजतो. कधी पावसाची ओढ, कधी एकदम पूर, आणि किनाऱ्याकडून समुद्र वर चढतोय.

जून २०२२ मध्ये तिथल्या ९ ते १८ वर्षांच्या मुलामुलींनी राज्याच्या वाहतूक खात्यावर दावा लावला. त्यांतली बरीच मूळ हवाईयन, काही तर अळू पिकवणाऱ्या घरातली. आता अळू कुजतं त्यात वाहतूक खात्याचा काय संबंध? पेट्रोल-डिझेल जळून निघणारा वायू हवेत साठतो आणि हवामान तापतं. हवाईत अशा वायूंचा सर्वांत मोठा वाटा वाहतुकीचा. तो २०४५ पर्यंत शून्यावर आणायचं राज्याच्या कायद्यात आधीच लिहिलेलं होतं. खातं मात्र हायवेच वाढवत बसलंय, असं मुलांचं म्हणणं. ग्रामसभेत ठराव होतो आणि वहीतच राहतो, ते आपल्याला नवं नाही.

राज्यघटनेत स्वच्छ, आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क दिलेला आहे, त्यावरच मुलांनी बोट ठेवलं. दावा फेटाळा, असं सरकार म्हणालं. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ते मानलं नाही.

सुनावणी तोंडावर आली असताना, २० जून २०२४ ला तडजोड झाली. तेव्हा दाव्यात १३ मुलं होती. त्यांनी भरपाई मागितली नव्हती, काम मागितलं होतं. खात्यानं वर्षभरात आराखडा करायचा, पायी आणि सायकलनं जाण्याच्या वाटा ५ वर्षांत पुऱ्या करायच्या, विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी २०३० पर्यंत किमान ४ कोटी डॉलर घालायचे. बेटांमधली जहाजं नि विमानंही यात आली.

आम्हाला यातलं मोलाचं वाटतं ते एक कलम. तडजोड झाली म्हणून कोर्टानं फाइल मिटलेली नाही. उद्दिष्ट गाठेपर्यंत, किंवा २०४५ पर्यंत, देखरेख कोर्टाचीच. दावा लावताना ९ वर्षांचं असलेलं मूल तेव्हा ३२ वर्षांचं असेल. शिवाय खात्याला सल्ला द्यायला तरुणांची एक समिती नेमायची ठरली, आणि दावा लावणाऱ्या मुलांनाही तिच्यात जागा आहे.