विटेवरचा देव आणि विटा थापणारे हात

पौष महिना थंडीचा, आणि म्हणूनच तो दानाचाही. सूर्यनारायण मकर राशीत संक्रमण करतो त्या पर्वकाळी तीळ, गूळ, अन्न, वस्त्र आणि नवे भांडे यांचे दान करावे, असे आपली पंचांगे वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. ही यादी सहज म्हणून केलेली नाही. ज्याच्या पोटात अन्न नाही आणि अंगावर पांघरूण नाही, त्याला ऐन कडाक्यात ज्या वस्तूंची निकड भासते, नेमक्या त्याच वस्तू शास्त्राने पुण्यप्रद ठरविल्या आहेत.

दान करावे ते योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्री आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता, असे गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. काळ तर संक्रांतीने आपल्या हाती आणून दिला आहे. देश आणि पात्र मात्र आपण शोधावयाचे आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आमची विनंती एवढीच, की वाचकांनी या पर्वात शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांकडे दृष्टी वळवावी.

या मुलुखाचे आपल्यावर ऋण आहे. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण आणि त्यानंतरचे भातसा धरण ही दोन्ही शहापूर तालुक्यातील. मुंबईतील देवघरांत सकाळी जो कलश भरला जातो, त्यात या डोंगरांवर पडलेला पाऊस असतो. दुसरे ऋण मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते आहे विटेचे.

भाताची कापणी आटोपते, दिवाळीचे दिवे मालवतात, आणि या तालुक्यांतील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. जंगलावर निर्बंध आले आणि तो हातचा गेला. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीमालकाकडून उचल घ्यावी लागते. ती फेडण्यासाठी मग सारे कुटुंब, तान्ह्या मुलांसह, भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या किंवा जवळपासच्याच वीटभट्टीवर जाते. आठवड्याला हाती पडते ती केवळ खर्ची. हिशेब होतो हंगामाच्या अखेरीस, आणि पुष्कळदा तो फिटतच नाही. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, परंतु उचलीची ही साखळी आजही पुरती तुटलेली नाही.

भट्टीवर राहावयाचे कोठे? कच्च्या विटांचा कमरेएवढा आडोसा रचावयाचा आणि वर पेंढा किंवा ताडपत्री पसरावयाची. यालाच भोंगा म्हणतात. दिवाळीपासून मृगाच्या पावसापर्यंत हेच घर. पौषातल्या पहाटे दव पडून माती गार झालेली असते, आणि त्याच मातीचा गारा तुडविण्यासाठी अंधारात उठावे लागते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेत असताना देवाकडे वीट भिरकावली आणि परब्रह्म त्या विटेवर उभे राहिले, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक बालकास ठाऊक आहे. देवाने सिंहासन मागितले नाही. भक्ताने दिलेली वीट त्याला पुरेशी वाटली. त्या विटेपुढे आपण मस्तक नमवितो. मग जे हात जन्मभर विटा थापतात, ज्यांच्या विटांनी आपली घरे, सभामंडप आणि मंदिरे उभी राहतात, त्यांना स्वतःचे चार भिंतींचे घर नसावे, हे विठ्ठलाला रुचत असेल काय?

हा प्रश्न श्रीगाडगेबाबांनी आपल्या आचरणाने सोडविला होता. १८७६ साली जन्मलेल्या आणि १९०५ साली घराबाहेर पडलेल्या या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या, अंधपंगूंसाठी सदावर्ते चालविली, आणि स्वतःसाठी एक झोपडीही बांधली नाही. पंढरीची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, हेतू हा की तेथे मुलांनी शिकावे. निवारा आणि विद्या यांची जोड त्यांनी तेव्हाच घालून दिली. शहापूरला लागूनच असलेल्या भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी येथे १९६१ साली समाधिस्थ झालेल्या नित्यानंदस्वामींच्या सान्निध्यात आदिवासी मुलांसाठी बालभोजन सुरू झाले, तेही याच मार्गावरचे पाऊल होय.

ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा भरविल्या. मूल शाळेकडे येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाच्या दारी जावे, हा त्यामागील विचार. आमच्या मते मंदिरांनीही हा धडा घ्यावयास हवा. दीन मनुष्य देवळाच्या पायरीपर्यंत येईल आणि मग आपण दान करू, असे म्हणत बसू नये.

शहापूर-मुरबाडच्या गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात आणि काल्याच्या दिवशी महाप्रसादाच्या पंगती उठतात. त्यातील एक पंगत शिवेवरच्या भट्टीवर बसली तर काल्याचा अर्थ अधिक उजळेल. पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यात म्हसे येथे खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. तेथील बैलबाजाराइतकाच घोंगड्यांचा बाजारही प्रसिद्ध आहे. देवदर्शन करून परतताना घरासाठी एक घोंगडी घेणाऱ्याने दुसरी भोंग्यासाठी घ्यावी. गृहिणी रथसप्तमीपर्यंत वाण लुटतात. त्यातील एक वाण, एक सुगड आणि तिळगुळाची एक पुडी वीट थापणाऱ्या भगिनीच्या ओटीत पडावी. सुगडाची माती आणि विटेची माती एकच आहे.

मात्र घोंगडीने एक रात्र सरते, बेघरपण सरत नाही. कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत पक्क्या घरांची तरतूद आहे. परंतु घर बांधावयाचे तर पायाखाली जागा हवी, हाती कागद हवेत, आणि कित्येक वाड्या आजही दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. गावातील जाणत्यांनी, निवृत्त शिक्षकांनी, भजनी मंडळातील तरुणांनी अर्ज लिहून द्यावा, दाखला मिळवून द्यावा, ग्रामसभेत वाडीच्या जागेचा विषय काढावा. या कामी खर्च होणारी एक दुपारही दानच आहे, आणि तिची परतफेड होण्याची शक्यता नसल्यामुळे ते सात्त्विक दान आहे.

आणखी एक सांगावेसे वाटते. देणाऱ्याने हात वर आणि मान ताठ ठेवून देऊ नये. आपण ज्याला देतो, त्याने आपल्या घराच्या भिंतीसाठी आधीच पुष्कळ दिलेले आहे. संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो. आपली पावलेही यंदा त्या भोंग्यांकडे वळोत, आणि गोड बोलण्याचा आपला संकल्प तेथे गोड करण्याने पुरा होवो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.