सातासमुद्रापलीकडचा इलाज

मुलांनो, मुंबईच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात तुम्ही गेलात, तर तेथील बाकांवर तुम्हांला परदेशी माणसे बसलेली दिसतील. कोणी ओमानचे, कोणी केनियाचे, तर कोणी बांगलादेशाचे. ही माणसे गेटवे ऑफ इंडिया पाहायला आलेली नसतात. कोणाच्या हृदयावर, तर कोणाच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया व्हायची असते. आपला देश सोडून ती एवढ्या दूर का बरे येतात?

समजा, एका लहान मुलीच्या हृदयाला जन्मतःच छिद्र आहे. चार पावले धावली, की तिला दम लागतो. तिच्या देशात अशी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर फार थोडे आहेत. अमेरिकेत न्यावे, तर घरदार विकूनही खर्च भागणार नाही. भारतात मात्र तोच इलाज कितीतरी कमी पैशांत होतो. मग आईवडील भारताची वाट धरतात. काहींची अडचण वेगळी असते. ब्रिटनमध्ये सरकारी उपचार मोफत आहेत. पण गुडघा बदलण्यासाठी महिनोन्महिने थांबावे लागते.

स्वस्त म्हणजे हलके, असे मात्र समजू नका. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 साली अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तेथे डॉक्टर एका टेबलावर शस्त्रक्रिया करत असतात, तेव्हा परिचारिका शेजारच्या टेबलावर पुढच्या रुग्णाची तयारी करतात. त्यामुळे डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही, आणि रोज तेच काम केल्याने हातही सफाईदार होतो. परदेशी भिंगे महाग होती, म्हणून 1992 साली त्यांनी भिंगांचा स्वतःचा कारखाना काढला. बंगळूरचे डॉ. देवी शेट्टी यांनी हीच रीत हृदयाच्या शस्त्रक्रियेत आणली. शिवाय आपल्याकडे पगार, जागा आणि औषधे यांचा खर्च श्रीमंत देशांपेक्षा कमी असतो.

परदेशी रुग्णांसाठी 2005 साली भारत सरकारने खास वैद्यकीय व्हिसा सुरू केला. अफगाणिस्तानातून तर इतके रुग्ण येऊ लागले, की दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये दुकानांवर दरी भाषेतील पाट्या लागल्या. ती लिपी उर्दूसारखीच दिसते. पुढे 2021 साली काबूलमधील सत्ता बदलली, जुने व्हिसे रद्द झाले आणि अनेक रुग्णांची वाट अडली. परक्या देशातील इलाज हा असा सरहद्दीवर अवलंबून असतो.

या प्रवासात इतरही धोके आहेत. शस्त्रक्रियेनंतर लगेच विमानात तासन्‌तास बसले, तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. घरी परतल्यावर जखम चिघळली, तर तिथल्या डॉक्टरला काय केले होते ते कळावे लागते. म्हणून सर्व कागदपत्रे जपून न्यावी लागतात. तिकीट, राहणे आणि दुभाषा यांचा खर्च वेगळाच. त्यातच दलाल गाठ घालून फसवतात. पैसे देऊन मूत्रपिंड विकत घेणे हा तर आपल्याकडे 1994 च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

आता एका गोष्टीचा विचार करा. मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेथे खेड्यापाड्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जागेअभावी पदपथावर रात्र काढताना दिसतात. त्यांच्यासाठी मुंबईसुद्धा परदेशासारखीच दूर असते. दूरदेशीच्या पाहुण्याला आपल्याकडे जीवदान मिळते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आपल्या गावच्या रुग्णाला घराजवळच चांगला इलाज मिळाला, तर तो अभिमान खरा ठरेल. तुमच्यापैकी जे डॉक्टर किंवा परिचारिका होतील, त्यांनी हे काम आपले मानावे.