काट्यावरचे कॅमेरे आणि आपले वजन



वजनकाट्यावर गाडी उभी राहिली की पावतीबरोबर कॅमेऱ्याचे चित्रणही साठते. वजनाबद्दल शंका आली तर तोच आपला साक्षीदार. हे चित्रण साठविणारे जुने सर्व्हर काढून ते काम 'व्हर्च्युअल मशीन'वर नेण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आली आहे.

हे मशीन म्हणजे काय? एका विहिरीवर चौघा भावांच्या मोटारी चालतात ना, तसेच. एकाच दणकट सर्व्हरात चार स्वतंत्र संगणक नांदतात. वीज वाचते, जागा वाचते. एक अडला तरी बाकीचे चालतात. पण विहीरच आटली तर चौघांचेही रान वाळते! म्हणून असे सर्व्हर दोन हवेत आणि चित्रणाचा साठा वेगळ्या डिस्कवर हवा. साठाही थोडाथोडका नव्हे. सेकंदाला ४ मेगाबिट पाठविणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो. १६ कॅमेऱ्यांचे ३० दिवसांत जवळजवळ २१ टीबी होतात.

दुसरी गोष्ट घड्याळाची. व्हर्च्युअल मशीनचे घड्याळ मागेपुढे सरकू शकते. पावतीवरची आणि चित्रातली वेळ जुळली नाही तर पुरावा लंगडा पडतो. तेव्हा काटा व कॅमेरे एकाच घड्याळाला जोडावेत.

हा बदल गळीत हंगाम संपल्यावरच करावा आणि काही दिवस जुने-नवे जोडीने चालवावे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. निदान बिल हाती पडून खातरजमा होईपर्यंत चित्रण पुसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सभासदांनीही पावती जपावी, तीवरची वेळ पाहावी आणि शंका आल्यास लगेच गट ऑफिसात यावे, ही नम्र विनंती.