परिचारिका हव्यात, पण जागा कोठे?



शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला 'पुढे काय करणार?' असा प्रश्न विचारला जातो. बेळगावातील पुष्कळ मराठी घरांतून आज त्याला 'नर्सिंग' असे उत्तर मिळते. मुलींबरोबर आता मुलगेही तेच सांगतात. माझे आयुष्य रुग्णालयात आणि परिचारिकांच्या शिक्षणात गेले. म्हणून या उत्तरामागचे वास्तव आपल्यापुढे मांडावे, असे मला वाटले.

हे वास्तव वरवर पाहता विसंगत वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लक्ष परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लक्ष परिचारिकांची उणीव होती. असे असता आपल्याकडे पदविका हाती घेऊन महिनोन्महिने नोकरी शोधणाऱ्या मुली मी पाहते. उणीव आणि बेकारी एकत्र कशा नांदतात?

याचे कारण असे की, गरज आणि मागणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, हे प्रमाण मान्य झालेले आहे. दहा खाटांचा विभाग घ्या. तीन पाळ्यांना तीस जणी लागतात. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरल्या, तर हा आकडा चाळिसाच्या आसपास जातो. ही झाली गरज. परंतु व्यवस्थापनाने वीसच जागा भरल्या, तर मागणी विसांचीच राहते. उरलेल्या विसांचे काम आहे त्यांच्याच खांद्यावर पडते आणि बाहेर उभ्या असलेल्या नवख्या मुलीला 'अनुभव आहे का?' असे विचारून परत पाठवले जाते. सरकारी रुग्णालयांतही मंजूर पदे रिकामी राहिली की हाच प्रकार घडतो. रुग्णाची गरज वेतनपत्रकावर उमटल्याखेरीज तिची नोकरी होत नाही.

वेतनाचा प्रश्नही याच मुळाशी जोडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारच्या परिचारिकेइतके वेतन असावे आणि पन्नासांहून कमी खाटा असल्या तरी ते दरमहा २०,००० रुपयांखाली जाऊ नये, असे त्यांत म्हटले होते. मात्र आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून राहिली. म्हणून नोकरी स्वीकारताना हा आकडा आपल्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आता बदलत्या व्यवस्थेने उघडलेल्या वाटा पाहू. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली आणि गावोगावच्या उपकेंद्रांत सामुदायिक आरोग्य अधिकारी हे पद निर्माण झाले. रक्तदाब, मधुमेह यांसारख्या दीर्घकालीन विकारांची तपासणी आणि पाठपुरावा त्यांच्याकडे असतो. नर्सिंगच्या पदवीधरांना येथे चांगली संधी आहे. पण बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात, हेही विसरू नये. डायलिसिस, कर्करोगाची शुश्रूषा आणि वृद्धांची घरी जाऊन घ्यावयाची काळजी ही क्षेत्रेही वाढत आहेत. आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली, मुले परगावी गेली. जी सेवा पूर्वी घरची सून-लेक करीत असे, ती आता शिकलेल्या हातांकडे येत आहे.

परदेशाची ओढही स्वाभाविक आहे. त्याच अहवालानुसार जगातील सातांपैकी एक परिचारिका ती काम करते त्या देशाबाहेर जन्मलेली आहे. केरळने ही वाट फार आधी ओळखली. मात्र तेथे आपल्या प्रमाणपत्राइतकेच महत्त्व भाषेला असते. जर्मनीला जर्मन हवी, इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा हवी. भाषेचा हा नियम घराजवळही लागू आहे. कर्नाटक शासनाच्या सेवेत कन्नडचे ज्ञान लागते, तर गोवा शासनाच्या सेवेत कोकणीचे. सीमाभागातील आपली मुले मराठी, कन्नड, हिंदी सहज बोलतात, हे त्यांचे भांडवल आहे. वेदना होत असलेला माणूस स्वतःच्याच भाषेत कण्हतो. ते कण्हणे ज्या परिचारिकेला कळते, तिच्यावर त्याचा विश्वास बसतो.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, त्याला जोडलेले रुग्णालय पाहा. तेथे खाटा किती आणि त्यांवर रुग्ण किती, हे विचारा; कारण शुश्रूषा रुग्णाजवळच शिकता येते. भारतीय परिचर्या परिषदेची आणि राज्याची मान्यता तपासा. आणि मुलींनो, पहिली दोन वर्षे गजबजलेल्या सर्वसाधारण वॉर्डात काढा. तेथे मिळणारा अनुभव पुढे सर्वत्र कामी येतो. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाच्याही कपाटात ठेवू देऊ नका.

या व्यवसायात काम पुष्कळ आहे आणि पुढेही राहील. त्या कामाच्या जागा निर्माण होणे मात्र समाजाच्या मागणीवर अवलंबून आहे. आपला आप्त रुग्णालयात असेल, तेव्हा 'या पाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका आहेत?' असे आपण नम्रपणे विचारू लागलो, तर त्या प्रश्नाने आपल्या रुग्णाचे भले होईल आणि या शाळेतून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलीला नोकरीही मिळेल.